नुसता फोटो काढायचाय

चूक माझी होती, आणि ती नकळत झालेली नव्हती. मी आईला सांगितलं, "पोटाचा नुसता फोटो काढायचाय, जेवायच्या वेळेला घरी येऊ." खरं म्हणजे तिच्या तोंडातून करंगळीएवढी जाड, काळी, लवचीक नळी अन्ननलिकेतून खाली जठरापर्यंत जाणार होती. हे मला माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, दवाखान्यात फाइल आणणाऱ्या माणसालाही माहीत होतं. जिच्या घशातून नळी जाणार होती, तिला तेवढं माहीत नव्हतं.

आई सत्तरी ओलांडलेली. हिंजवडीच्या बाजूच्या एका गावात तिचा जन्म गेला. वडील वारल्यापासून ती आमच्याकडे, कर्वेनगरला असते. ही नळीची गोष्ट झाली त्या वर्षी तिने भाकरी कुस्करून खायला सुरुवात केली. मग कुस्करलेली भाकरी दुधात. मग नुसता दूधभात, आणि त्याच्याही प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. घास उतरेपर्यंत ती ताठ बसायची, छातीच्या मधोमध बोट दाबून. विचारलं की म्हणायची, "काय न्हाई, घाईत खाल्लं." तिने आयुष्यात काहीही घाईत खाल्लेलं मी पाहिलेलं नाही.

बायकोच्याच ते आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, आईंची पोलकी बघा. दोन बोटं आत जातील एवढी सैल झालीत. तुम्ही रोज समोर बसून जेवता, ताटात बघता की मोबाइलमध्ये?" ती शनिवार पेठेतली. तिच्या माहेरी प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत.

पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, हे एक बरं झालं. आईला तपासून त्यांनी तिला वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाल्या, "घास अडकतोय आणि वजन उतरलंय. आत बघायलाच हवं, आणि लवकर. जुन्या ॲसिडिटीने अन्ननलिका आवळली असेल तर तिच्यावर उपाय आहे. दुसरं काही असलं तर ते लवकर कळलेलं बरं."

दुसरं काही म्हणजे काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

"त्यांना मी समजावून सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

या दोन शब्दांतच मी अडकलो. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाला वाईट गोष्ट होऊन गेल्यावर सांगायची पद्धत आहे. थोरला मामा गेला तेव्हा आजीला तेराव्यानंतर सांगितलं होतं. कशाला उगाच जीव घाबरा करायचा, हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा बोललं गेलंय की ते खोटं बोलणं आहे असं कुणाला वाटतच नाही. मलाही वाटलं नाही. मी घरी आलो आणि फोटोचं सांगून मोकळा झालो.

स्वयंपाकघरात बायको हळू आवाजात म्हणाली, "सांगा त्यांना नीट. नाहीतर मी सांगते."

"तू मध्ये पडू नकोस. घाबरली तर येणारच नाही."

"बरं. तुमची आई, तुमचं खोटं. निस्तरायची वेळ आली की मला हाक मारू नका."

रात्रीपासून काही खाऊ नकोस, एवढं मी आईला सांगितलं. का नाही खायचं ते सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर नळीचं सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात तपासणीआधी एक बाई बरेच प्रश्न विचारत होत्या. मधुमेह आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कवळी आहे का. आई बाजूला बसली होती, तरी सगळी उत्तरं मीच देत होतो. कवळी काढायला सांगितली तेव्हा आई माझ्याकडे बघायला लागली. "फोटूला दात कशापाई काडायचे? उलट घालायला पायजेत." त्या बाई हसल्या, मीही हसलो. मग डॉक्टरबाई आल्या. घशात फवारा मारून करायचं, की सोबत झोपेचं इंजेक्शन द्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "इंजेक्शन नको. वय झालंय." वय हे अर्धं कारण होतं. इंजेक्शन दिलं की बराच वेळ तिथे थांबावं लागतं, आणि दुपारी माझी ऑफिसात मीटिंग होती. आईला कुणीच काही विचारलं नाही, कारण तिच्या वतीने बोलणारा तिच्या शेजारी बसला होता.

"आजींना सगळं सांगितलंय ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

संमतीचा कागद पुढे आला. मी आईच्या हातात पेन दिलं. "नुसती सही कर, आई." ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने सही केली. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

मला आत, तिच्या डोक्यापाशी उभं राहू दिलं. घशात कडू फवारा मारला आणि थोड्या वेळाने आई म्हणाली, "घसा कुठं गेला माजा?" तिला डाव्या कुशीवर झोपवलं. दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली, नळी चावली जाऊ नये म्हणून. त्या कडीचं वैशिष्ट्य असं की तोंड उघडं राहतं आणि माणसाला बोलता येत नाही. बधिर घशाला वाटतं की गिळता येत नाही, आणि गिळता येत नाही म्हणजे श्वासही घेता येणार नाही. प्रत्यक्षात श्वासाची वाट वेगळी असते, ती मोकळीच राहते. नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की बहुतेकांचं निभावतं. पण हे आधी सांगितलेलं असावं लागतं. नळी समोर आल्यावर कुणी कानाशी सांगून उपयोग नसतो.

आईने नळी पाहिली. नंतर तिने मला पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं आणि मी बोलत नव्हतो. ती नजर सांगायला माझ्याकडे आजही शब्द नाहीत. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात मध्येच सोडून दिला तर ते मूल बघेल, तशी काहीशी.

नळी घशाशी गेली आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली. कुणीतरी हात सोडवायला लागलं. माझ्या शर्टाची बाही तिच्या मुठीत आली. तिला उमासा आला आणि तोंडातून तपकिरी पाणी बाहेर पडलं. "थांबा, काढतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी नळी लगेच मागे घेतली. तोंडातलं पाणी यंत्राने ओढून घेतलं, आईला कुशीवरच धरून ठेवलं, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा त्या बघत राहिल्या. मग कडी काढली.

"आजी, चहा घेतला होता?"

आईला धाप लागली होती. "अर्धा कप. आन मिश्री लावली. फोटूला चानं काय हुतंय?"

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणालात, सांगितलंय."

"घाबरली असती हो."

"आणि आज? आज नाही घाबरल्या? पोटात काही असलं की ते वर येतं आणि फुप्फुसात उतरू शकतं. चहा, पाणी, मिश्री, सगळं त्यात आलं. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी चहाला हात लावला नसता. शेतात राबलेल्या बाईला उपाशी राहणं अवघड नाही, साहेब. कशासाठी राहायचं ते कुणीतरी सांगावं लागतं." मग म्हणाल्या, "तपासणी झालेली नाही. ती व्हायलाच हवी. फार दिवस घालवू नका."

परतताना आम्ही कर्वे रस्त्यावर अडकलो. पुढे बस, मागे टेम्पो, कडेला खणलेलं. आईने पाण्याची बाटली उघडली. मी म्हणालो, "आई, घसा बधिर आहे. अजून थोडा वेळ पाणी नको, ठसका लागेल." दिवसभरात मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. तिने माझ्याकडे न बघता घोट घेतला. पाणी चुकीच्या वाटेला गेलं आणि ती खोकायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला गाडी बाजूला घेता येत नव्हती, पुढे काढता येत नव्हती, दार उघडून उतरताही येत नव्हतं. एका हाताने स्टिअरिंग धरून मी दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत राहिलो. खोकला थांबल्यावर तिने माझा हात पाठीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

आई घरात अबोला धरणाऱ्यातली नाही. ती बोलत होती. मी संध्याकाळी भाजी घेऊन आलो की पिशवीत डोकावून विचारायची, "मेथी हाय का मेथीचा फोटू?" मी म्हणालो ऑफिसातून यायला उशीर होईल, तर म्हणायची, "हापिसातच जातूस न्हवं?" बायको एकदा हसू दाबत आत निघून गेली आणि आतून म्हणाली, "आई, यांचं आधारकार्ड बघून घ्या, तेवढं तरी खरं असेल." दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण आईच्या वाटीत पेज होती. आता दूधभातही बंद झाला होता. पातळ पेज, तीही अर्धी, छातीवर बोट दाबून. दवाखान्याचा विषय काढला की ती उठून गॅलरीत जायची.

मला तिला आत ओढून नेता येत नव्हतं आणि असंच सोडूनही देता येत नव्हतं. रोज सकाळी तिच्या मनगटाकडे बघायचो आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसायचो. एकदा बस हिंजवडीच्या चौकात नेहमीसारखी खोळंबली होती, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. आजींना कधी आणताय? बसच्या खिडकीबाहेर काचेची एक इमारत होती. तिच्या खाली पूर्वी आईचं भाताचं खाचर होतं. त्या इमारतीकडे बघायचं नाही अशी मला जुनी सवय आहे. मी मान फिरवली आणि म्हणालो, "कळवतो."

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना भेटून आलो. या वेळी वही घेऊन बसल्यासारखा सगळं विचारत गेलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुपारी आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. नळी म्हटलं, फोटो म्हटलं नाही. नळीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो, आतलं सगळं पडद्यावर दिसतं. एरवी पाच-दहा मिनिटांचं काम असतं. रात्रीनंतर पोटात काही गेलेलं चालत नाही, आणि का चालत नाही. झोपेचं इंजेक्शन घेता येतं. घेतलं तर त्या वेळचं फारसं आठवत नाही, पण नंतर तिथे थांबायचं, घरी न्यायला सोबत माणूस हवा आणि तो दिवस विश्रांतीचा.

तिने तांदळातून मान वर न काढता विचारलं, "श्वास कुटून घ्यायचा?"

"नाकाने. सावकाश. नळी श्वासाच्या वाटेत जात नाही."

"आन थुकी?"

"गिळायची नाही. गालाखाली टॉवेल असतो, वाहू द्यायची."

"म्हंजी लाज सोडायची."

"आत हवा भरतात, त्याने पोट फुगल्यासारखं वाटतं. ढेकर आला तर येऊ द्यायचा."

"ढेकर द्याया डॉक्टरची परवानगी लागती, ह्ये नवं." मग सुपातला एक खडा तिने गॅलरीबाहेर टाकला. "आत कापत्यात का?"

"लागलं तर तिळाएवढा तुकडा चिमट्याने काढतात, तपासायला. तो काढलेला दुखत नाही. त्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. नंतर घसा एखादा दिवस खवखवतो. पण फार दुखलं, रक्त पडलं, ताप आला, तर लगेच जायचं."

"आन काय निघंल?"

मी सुपातला एक दाणा उचलून बघायला लागलो.

"क्यान्सर म्हन की. म्हनल्यानं तोंड भाजत न्हाई."

"तोही असू शकतो," मी म्हणालो. "नुसती आवळलेली अन्नाची नळीही असू शकते. बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "समजलं. चांगलं सांगितलंस. पन मी न्हाई यायची."

"का, आई? आता सगळं खरं सांगितलं ना?"

"तू मला दोनदा फोटू काडाया नेलंस."

मला कळेना. मी म्हणालो, "एकदाच तर गेलो आपण."

"दोनदा. रजिस्टारच्या हापिसात कवा गेलतो? तवा बी तूच म्हनलास, आई, नुसता फोटू काडायचाय."

तेव्हा मला आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतो. त्या काचेच्या इमारतीकडे न बघण्यासाठी आठवणच असावी लागते. वीसेक वर्षं झाली असतील. गावातल्या जमिनी विकल्या जात होत्या. ते खाचर वडिलांनी पूर्वी कधीतरी आईच्या नावावर केलेलं. विकायचं वडिलांनी आणि चुलत्यांनी ठरवलं. आई नाही म्हणेल हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिला सांगायचं काम शिकलेल्या पोराकडे आलं. मी तिला सांगितलं की सरकारने नवीन पद्धत आणलीय, जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचा फोटो लागतो. ते खोटंही नव्हतं. खरेदीखत करताना त्या ऑफिसात फोटो आणि अंगठा घेतातच.

"चापूनचोपून जरीचं लुगडं नेसले हुते मी," आई म्हणाली. "त्या बारक्या कॅमेऱ्याम्होरं बसवलंस. मी तुला इचारलं, टिकली नीट हाय का? तू म्हनलास, हाय. आन मी हासले. फोटू हाय म्हनून हासले. त्या कागदावर माजा हासता फोटू हाय. येताना म्हनलं वालाच्या शेंगा भरल्या का बगू, तर गडी तारा वढत हुता माज्या बांदावर."

तिने हे इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. त्या पैशाच्या माझ्या वाट्यातून घेतलेल्या या फ्लॅटमध्ये ती माझ्यासोबत राहत होती, याच गॅलरीत तांदूळ निवडत होती, माझ्या मुलांना तिने याच घरात वाढवलं. आणि दवाखान्यात मी म्हणालो होतो, नुसती सही कर.

माझ्या तोंडाशी आलं होतं की ते बाबांनी ठरवलं होतं. की मी तेव्हा लहान होतो, नोकरीला नुकता लागलेलो. की दवाखान्यातलं तरी तुझ्या भल्यासाठी होतं. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही बोललो असतो तर ती उठून आत गेली असती.

पुढच्या आठवड्यात त्या नळीने जे दाखवलं ते बरं होणारं निघालं. जुन्या आम्लाने आवळलेली जागा, जी नंतर दोन-तीन खेपांत रुंद करून घेतली. आज आई मऊ भाकरी खाते. पण त्या दुपारी हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ती बसल्या जागी वाळत चाललीय, आणि दवाखान्याच्या दारात मीच आडवा पडलोय.

"आई," मी म्हणालो, "चुकलो मी."

"कशात चुकलास?" तिने विचारलं. सोडणार नव्हती.

"खाचर विकायचंय हे मला माहीत होतं. फोटोचं सांगून मी तुला नेलं. तू टिकलीचं विचारलंस तेव्हाही माहीत होतं. नळी घालायचीय हेही मला माहीत होतं, आणि तुझ्या वतीने मीच हो म्हणालो. दोन्ही वेळा तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणाली असतीस तर ते ऐकायला हवं होतं. आताही नाही म्हणालीस तर मी ओढून नेणार नाही. पण तू यावंस असं मला वाटतं. मला तू हवी आहेस. मला माफ कर."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बराच वेळ तांदूळ पाखडले, जे आधीच स्वच्छ होते. मग म्हणाली, "त्या बाईला फोन लाव. इंजेक्शन घेनार म्हनून मी सांगते. तू न्हाई बोलायचं."

मी फोन लावून तिच्या हातात दिला.